पंडित आणि ‘पंडिट’

इंग्रजी दैनिकाच्या एकाच अंकात हा शब्द दोनदा भेटू शकतो. कलेच्या पानावर बनारस घराण्याच्या एखाद्या तबलावादकाचे नाव असते आणि त्या नावाआधी पंडित, स्पेलिंग पी-ए-एन-डी-आय-टी. निवडणुकीच्या किंवा क्रिकेटच्या बातमीत पुन्हा तोच शब्द येतो, पण पी-यू-एन-डी-आय-टी असा. त्याला बहुधा अनेकवचनाचा एस लागलेला असतो, आणि वाक्याच्या शेवटापर्यंत त्या मंडळींचे अंदाज फसलेले असतात. पहिल्या जागी मान आहे. दुसऱ्या जागी मान किती आणि टोमणा किती, हे वाक्यागणिक बदलते.

इंग्रजी शिकणारा मराठी माणूस या शब्दाशी थबकत नाही. शब्द तर घरचाच, मग कोशात कशाला पाहायचा? गफलत होते ती इथेच. सभेत आपल्या जुन्या गुरुजींची ओळख करून देताना कोणी इंग्रजीत ‘ही इज अ ग्रेट पंडिट’ म्हणाला, तर लंडनच्या श्रोत्यासमोर पोथ्यांत आयुष्य घालवलेले गृहस्थ उभे राहत नाहीत. त्याला टीव्हीच्या स्टुडिओत बसून कालच्या सामन्यावर बोलणारा माजी खेळाडू दिसतो. विद्वान म्हणायचे असेल तर इंग्रजीत ‘स्कॉलर’ म्हणावे. ‘पंडिट’ म्हणजे एखाद्या विषयावर जाहीरपणे, पुन्हा पुन्हा आणि ठामपणे मत देणारा. त्याला विषयातले कळत असेलही. शब्द मात्र त्याच्या कळण्यापेक्षा बोलण्याकडे बोट दाखवतो.

काशीतला शब्द फुटबॉलच्या स्टुडिओपर्यंत पोचला कसा, त्याची हकीकत लांबलचक आहे आणि तिच्यात मराठी माणसे जागोजागी भेटतात.

आधी त्या ‘यू’चा निकाल लावू. अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी आपले शब्द कानांनी ऐकून लिहिले. आपला ‘अ’ त्यांना त्यांच्या ‘कप’ किंवा ‘सन’मधल्या स्वरासारखा ऐकू आला, आणि तो स्वर ते यूने लिहितात. म्हणून जंगल, ठग, चटणी, जगन्नाथ हे सगळे इंग्रजीत यू घेऊन गेले. पंजाबातला यू तर आजही नकाशावर आहे. विल्यम जोन्ससारख्या अभ्यासकांना ही लेखनपद्धत पसंत नव्हती. ते ‘अ’साठी ए लिहीत. पुढे 1870च्या दशकात विल्यम विल्सन हंटर यांची पद्धत सरकारी कामकाजात रुळली आणि ए पक्का झाला. तोवर जे शब्द इंग्रजांच्या तोंडी बसले होते, ते यूसकट राहिले. बनारसच्या संस्कृत कॉलेजातून 1866 साली एक मासिक निघू लागले. त्याचे संस्कृत नाव ‘काशीविद्यासुधानिधि’, इंग्रजी नाव ‘द पंडित’, आणि त्याचे स्पेलिंग ए घालून. म्हणजे पंडितांच्या संगतीत राहणारे इंग्रज ए लिहीत होते आणि बाकीचे यू लिहीत होते. पुढे या दोन स्पेलिंगांनी दोन अर्थ आपसांत वाटून घेतले. ठरवून केले असते तरी वाटणी इतकी नेटकी झाली नसती.

आता काशी. फ्रांस्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात दिल्लीत दानिशमंद खान या उमरावाच्या पदरी होता. ऑक्टोबर 1667 मध्ये शिराजहून लिहिलेल्या एका लांब पत्रात त्याने बनारसचे वर्णन केले आहे. तिथे युरोपासारखी विद्यापीठाची इमारत नाही, गुरू आपापल्या घरी नाहीतर श्रीमंतांच्या बागांतून शिकवतात, एकेकापाशी चार, सहा, फार तर बारा-पंधरा विद्यार्थी असतात आणि ते दहा-दहा बारा-बारा वर्षे राहतात, हे त्याने बारकाईने टिपले. ‘पंडित’ हा शब्द त्याने ‘पेंडेत’ असा लिहिला. शहरातल्या प्रमुख पंडितांनी त्याला आपल्या ग्रंथालयात बोलावले, फराळ दिला, आणखी सहा विद्वान जमवले. बर्निएने त्यांना मूर्तिपूजेबद्दल विचारले. उत्तर मिळाले, ते त्याने लिहूनही घेतले, पण एक शंका नोंदवून ठेवली: ख्रिस्ती पाहुण्याला रुचेल अशा बेताने तर हे सांगितले नाही ना?

हे प्रमुख पंडित म्हणजे कवींद्राचार्य सरस्वती, अशी ओळख पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी पटवली. कवींद्राचार्य मूळचे गोदाकाठचे. संन्यास घेऊन काशीत स्थायिक झाले. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर शाहजहानकडून माफ करून आणला म्हणून त्यांचा देशभर गौरव झाला. बादशहाने त्यांना दोन हजार रुपयांची नेमणूक दिली होती. औरंगजेबाने ती बंद केली. एका युरोपीय लेखकाने हा शब्द ज्या माणसासाठी वापरला तो असा तालेवार विद्वान होता. पण त्याच पानावर शंकाही होती, हे विसरू नये. विचारणारा परका आहे, त्याला मूळ ग्रंथ वाचता येत नाही, उत्तर ऐकून घेण्यावाचून इलाज नाही, आणि म्हणूनच त्या उत्तरावर त्याचा पुरता भरवसा बसत नाही. इंग्रजी शब्दातला टोमणा इथे अंकुरला असे माझे मत आहे. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत त्याला चांगले खतपाणी मिळाले.

वॉरन हेस्टिंग्जने 1772 साली ठरवले की वारसा, विवाह, जात असल्या बाबतींत हिंदूंचे तंटे हिंदूंच्या शास्त्राप्रमाणे तोडावेत. शास्त्र संस्कृतात, न्यायाधीश इंग्रज. मग न्यायालयात पंडित नेमले गेले. न्यायाधीशाने लेखी प्रश्न करायचा: विधवेला दत्तक घेता येईल का, सावत्र भावाला वाटा किती. पंडिताने वचन दाखवून लेखी उत्तर द्यायचे. या उत्तराला व्यवस्था म्हणत. ‘पंडिट’ हा त्या काळच्या इंग्रजीत असा एक हुद्दा होता, दरबारी आणि पगारी. हेस्टिंग्जने अकरा पंडितांना कलकत्त्यात बसवून धर्मशास्त्राचा संग्रह करवला. त्याचे आधी फारसी केले, फारसीवरून नॅथॅनिएल हॅल्हेडने इंग्रजी केले, आणि 1776 साली ते पुस्तक छापून निघाले. दोन भाषांतून गाळून आलेला कायदा किती शुद्ध राहिला असेल याची कल्पना करता येते.

1783 साली कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आलेला विल्यम जोन्स दोनच वर्षांत संस्कृत शिकायला बसला. शाकुंतलाचे भाषांतर करून त्याने युरोपला वेड लावले ते नंतर. शिकायला बसताना त्याचे कारण रुक्ष होते: पंडित सांगतील तो कायदा मुकाट्याने मानावा लागू नये. काही पंडित पैसे घेऊन हवे ते वचन काढून देतात, असा बोभाटा इंग्रजांत होता. तो कितपत खरा होता हे आता सांगणे कठीण. एकाच प्रश्नाला दोन पंडितांची दोन उत्तरे येत, हे मात्र खरे आणि साहजिकही. मिताक्षरा आणि दायभाग या धर्मशास्त्राच्या दोन ग्रंथांतच वारसाहक्कावर मूलभूत मतभेद आहे. शास्त्रार्थात मुरलेल्या माणसाला मतभेद हे विद्येचे लक्षण वाटते, तर निकालाची घाई असलेल्या न्यायाधीशाला ती लबाडी वाटते.

काशीत कंपनीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने 1791 साली संस्कृत पाठशाळा काढली. शास्त्रे जतन करायची हा एक हेतू होताच; दुसरा होता न्यायालयांना लागणारे पंडित तयार करण्याचा. ती पाठशाळा म्हणजेच पुढचे बनारस संस्कृत कॉलेज आणि आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. डंकन नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला, पण ‘पंडिट’ हा हुद्दा काही त्याच्याबरोबर मुंबईला आला नाही. मुंबई इलाख्यात हेच काम करणाऱ्याला शास्त्री म्हणत. वेस्ट आणि ब्यूलर या जोडीने 1867 पासून हिंदू कायद्यावरचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांच्या शास्त्र्यांनी दिलेल्या उत्तरांवरून तयार केला, आणि शीर्षकातच तसे म्हटले आहे. राजधानी कलकत्त्याऐवजी मुंबईत असती तर लंडनच्या टीव्हीवर आज फुटबॉलचे ‘शास्त्री’ बसले असते. क्रिकेटमध्ये तर आपल्याकडचे एक बसतातच!

मुंबईच्या या शास्त्र्यांपुढे जे ग्रंथ असत त्यांत ‘व्यवहारमयूख’ महत्त्वाचा. तो लिहिला काशीत, सतराव्या शतकात, नीलकंठ भट्टांनी. त्यांचे घराणे पैठणहून काशीला गेलेले. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले, ‘निर्णयसिंधु’कार कमलाकर भट्टही याच घराण्यातले. बोरोडेल या इंग्रजाने 1827 साली मयूखाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणातल्या हिंदूंच्या वारशाचे खटले त्या ग्रंथाच्या आधारे चालत राहिले. पैठणच्या माणसांनी गंगेकाठी लिहिलेले वचन साहेबाच्या मुखातून ठाण्याच्या कज्जेदलालाला ऐकावे लागे. मयूखाची चिकित्सक आवृत्ती पुढे 1926 साली पांडुरंग वामन काणे यांनी काढली.

न्यायालयाचा पंडित 1864 साली कायद्यानेच गेला. भाषांतरे झाली होती, जुन्या निकालांचे ढीग साचले होते, न्यायाधीशांना आता विचारायला कोणी नको होते. हुद्दा गेल्यावर शब्द मोकळा झाला. विलायतेत तो थट्टेने कोणत्याही विद्वानाला, विद्वान म्हणवणाऱ्याला, क्लबात बसून सर्वांना अक्कल शिकवणाऱ्याला लावण्याची सवय एकोणिसाव्या शतकात पडतच होती. खरा पंडित समोर नसताना थट्टा करणे सोपे असते.

समोर असता तर? त्याचेही उदाहरण काशीतच आहे. जेम्स बॅलन्टाइन हा स्कॉट 1846 ते 1861 या काळात संस्कृत कॉलेजचा मुख्य होता. पंडितांना युरोपचे विज्ञान शिकवायचे तर ते न्यायशास्त्राच्या परिभाषेतून शिकवावे, अशी त्याची धारणा. त्याने तशी पुस्तके संस्कृतात आणि इंग्रजीत सिद्ध केली. त्याच्या कॉलेजात बापूदेव शास्त्री होते. गोदाकाठच्या टोके गावचे घराणे, शिक्षण नागपुरात आणि नंतर सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सनच्या पाठशाळेत, आणि 1842 पासून काशीत गणिताचे अध्यापन. त्यांनी ‘सूर्यसिद्धान्त’ इंग्रजीत आणला. 1861च्या सुमारास तो कलकत्त्यात छापला गेला. पृथ्वी फिरते हे पारंपरिक ज्योतिष्यांना सिद्धान्तग्रंथांच्या भाषेत पटवणारा हा माणूस होता. त्याच्याविषयी लिहिताना इंग्रज ‘पंडित’ हा शब्द वापरत तेव्हा त्यात टोमणा नसे.

तिकडे हिमालयात त्याच सुमारास शब्दाला तिसरेच वळण लागले. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता आणि गोऱ्याला तिथे शिरकाव नव्हता. म्हणून माँटगोमेरी या अधिकाऱ्याने सरहद्दीवरच्या माणसांना शिकवून वेषांतर करून पाठवले. त्यांतले पहिले नावाजलेले नैनसिंह रावत, कुमाऊंतल्या मिलम भागातले शाळामास्तर. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी ठेवून ते पावले मोजत. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी टिपणांचे कागद असत. जानेवारी 1866 मध्ये ते ल्हासाला पोचले, आणि 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. खात्याच्या कागदांत त्यांचे नाव गुप्त ठेवून नुसते ‘द पंडिट’ लिहिले जाई, आणि पुढे अशा सगळ्याच गुप्त सर्वेक्षकांना ‘पंडिट’ म्हणू लागले. का? नैनसिंह काही शास्त्रपारंगत नव्हते. तिकडच्या डोंगराळ भागात गावच्या मास्तरालाच पंडित म्हणत, इतकेच.

हे वाचून मराठी माणसाने हसावे, कारण आपण नेमके तेच केले आहे. 1886 साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ‘पंडिट’ या नोंदीखाली सांगितले आहे की महाराष्ट्रात या शब्दाचा ‘पंत’ झाला आणि मूळ अर्थ झिजून नुसती उपाधी उरली. त्या पंताला जी लावला की पंतोजी, म्हणजे छडी घेतलेला गावचा मास्तर. मोरोपंत आपल्या वाङ्मयेतिहासात ‘पंडित कवी’ म्हणून बसतात, म्हणजे एकाच शब्दाच्या दोन रूपांत. आणि ‘पंतप्रधान पंडित नेहरू’ असे आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो, त्यात तो शब्द दोनदा येतो हे कोणाच्या लक्षातही आले नाही. टोमण्याचेही तेच. समर्थांनी दासबोधात एक सबंध समास पढतमूर्खासाठी राखून ठेवला. इंग्रजांनी पंडिताचा उपहास केला म्हणून आपण रागवायचे कारण नाही. आपण आधीच करून बसलो होतो.

तरीही आजच्या इंग्रजी ‘पंडिट’मध्ये आणि काशीच्या पंडितात एक फरक आहे, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. काशीचा पंडित हरू शकत असे. नागपंचमीला नागकुआँवर शास्त्रार्थ होत. 16 नोव्हेंबर 1869 रोजी दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत स्वामी दयानंदांशी काशीकरांचा मूर्तिपूजेवर जो वाद झाला, त्यात काशीच्या बाजूने विशुद्धानंद सरस्वतींबरोबर बालशास्त्री रानडे होते, अध्यक्षस्थानी काशीनरेश होते आणि भोवती अफाट गर्दी. कोण जिंकले यावर दोन्ही बाजू आजही भांडतात. पण समोरचा उलट विचारतो, वचन मागतो, चुकलात तर चारचौघांत चुकता, हे त्या रचनेतच होते.

स्टुडिओतल्या ‘पंडिट’ला ही धास्ती नसते. ब्रिटनमध्ये 1970च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी आयटीव्ही वाहिनीने चार जणांचे मंडळ बसवले: माल्कम अॅलिसन, डेरेक डुगन, पॅडी क्रेरंड आणि बॉब मॅकनॅब. भांडखोर, रंगीत, बेधडक. लोकांना सामन्याइतकीच त्यांची गंमत वाटली आणि तो साचा जगभर गेला. अमेरिकेत तोच शब्द राजकारणावर बोलणाऱ्यांना चिकटला. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने सुमारे वीस वर्षे 284 तज्ज्ञांची राजकीय भाकिते जमवून तपासली आणि 2005 साली पुस्तक लिहिले. ती भाकिते अटकळीपेक्षा फारशी सरस नव्हती. आणि जो जितका प्रसिद्ध, त्याचा अंदाज तितका कच्चा असाही कल दिसला. न चुकल्याचा आव आणणाऱ्यालाच पुन्हा बोलावणे येते, हे आपल्या रात्री नऊच्या चर्चांवरून कळतेच.

वापराचे थोडके सांगतो. यूचा ‘पंडिट’ नावाआधी लावत नाहीत. ‘पंडिट भीमसेन जोशी’ असे यू घालून लिहिणे चूकच. उलट ‘फुटबॉल पंडिट’, ‘टीव्ही पंडिट’, ‘पोलिटिकल पंडिट’ असा विषय आधी लावून तो येतो. उच्चारात भर पहिल्या अक्षरावर असतो आणि शेवटचा ‘त’ टणक ‘ट’ होतो. काही अमेरिकन बोलण्याच्या ओघात ‘पंडिंट’ म्हणतात, ते अनुकरण करण्यासारखे नाही. ‘पंडिट्री’ म्हणजे असल्या मतप्रदर्शनाचा धंदा, आणि हा शब्द कोणी कौतुकाने वापरलेला सहसा दिसत नाही. एखाद्या टीव्ही समालोचकाला तोंडावर ‘यू आर अ गुड पंडिट’ म्हटले तर तो खूश होईल, कारण ते त्याच्या व्यवसायाचे नाव आहे. प्राध्यापकाला म्हटले तर तो क्षणभर तुमच्याकडे पाहील.

आणि आता हा शब्द परतही आला आहे. मराठी वृत्तपत्रांतले ‘क्रिकेटपंडित’ आणि ‘राजकीय पंडित’ काशीहून आलेले नाहीत, ते लंडन-न्यूयॉर्कहून इंग्रजी बातम्यांच्या भाषांतरातून आले आहेत. लिहिताना अक्षरे संस्कृतची आणि सूर इंग्रजीचा. काशीत मात्र या भानगडीची कोणाला पर्वा नाही. तिथे घाटावर पूजा सांगणारा तो पंडितजी, आणि पानाच्या टपरीवर निवडणुकीचा निकाल आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगणारा असेल, त्याला बनारसी माणूस पंडित म्हणणार नाही. त्याला तो म्हणेल ‘गुरू’. तोही शब्द इंग्रजीने नेला आहे, ‘मॅनेजमेंट गुरू’ म्हणून. पण त्याची हकीकत वेगळी आहे आणि ती पुढच्या प्रकरणात.